चुन्याच्या फुलीवरची टिकटिक

चाकूर तालुक्यातल्या एका गावात मला आजही 'पाणीवाले सर' म्हणतात. पाण्याशी माझा संबंध पिणं आणि आंघोळ करणं एवढाच. सगळी नोकरी नांदेडच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत झाली. पाण्याबद्दल त्या गावात मी एकच वाक्य बोललो होतो, 'ह्या मशीनचा आणि पाण्याचा काहीही संबंध नाही.' मोठ्यानं बोललो, चारचौघांत बोललो, पुन्हा पुन्हा बोललो. त्याच वाक्यावर माझी कीर्ती उभी आहे.

मशीनबद्दल आधी सांगतो, कारण ह्या गोष्टीत सगळ्यात सरळ वागलं ते मशीनच.

किरणोत्सर्ग मोजायचं, हातात धरून फिरायचं यंत्र ते. राखाडी डबा, वर मूठ, पुढे काट्याची तबकडी, आणि फोनच्या रिसीव्हरला असते तसल्या पिळाच्या वायरला लटकलेली एक नळी. नळीच्या तोंडाशी अभ्रकाचा पडदा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. किरण त्या पडद्यातून आत शिरला की डबा म्हणतो, 'टिक'. किरण जगात सगळीकडे थोडेथोडे असतातच. मातीत असतात, विटांत असतात, वरून आभाळातूनही येतात. त्यामुळे डबा कधी पूर्ण गप्प बसत नाही. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक टिक. सुपारी कातरत विचार करणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तो आपला अधूनमधून काहीतरी बोलत असतो.

आमचे विभागप्रमुख त्या डब्याला फार जपायचे. तो माझ्या ताब्यात देताना त्यांचा आवाज मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता. "काम झालं की सेल काढून ठेवायचे. नळीचं टोपण मोजतानाच काढायचं, आणि मोजून झालं की आधी टोपण, मग श्वास. पडद्याला बोट लावायचं नाही. कुणालाच लावू द्यायचं नाही. मलासुद्धा."

सेलचं त्यांचं खरं होतं. आमच्या उन्हाळ्यात सेलसुद्धा घामेजतात. आठवडाभर आत विसरले की स्प्रिंगांवर हिरवट-पांढरं मीठ चढतं आणि डबा मुका होतो. मग पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन दात घासल्यासारख्या त्या स्प्रिंगा घासत बसायचं. पुस्तिकेत आणखी एक सूचना ठळक अक्षरांत होती, यंत्र दमट हवेत ठेवू नये. ती आम्ही त्या दुष्काळी वर्षी काटेकोर पाळली. दमट हवा नांदेडपासून लातूरपर्यंत कुठं शिल्लकच नव्हती. गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.

आता, डबा टिक म्हणाला म्हणजे नीट चालतो आहे असं होत नाही. त्याला अधूनमधून ओळखीचं काहीतरी दाखवून परीक्षा घ्यावी लागते. त्यासाठी कंपनीनं दिलेली बटणाएवढी चकती माझ्या आधीच्या कुणीतरी हरवली होती. विभागप्रमुखांनी उपाय सांगितला, गॅसबत्तीचं मेंटल. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून जायच्या त्या बत्त्यांत जी पांढरी जाळीची पिशवी जळते, ती. त्या काळी तिच्यात थोरियम असायचं, आणि थोरियम किरण सोडतं. माणसाला काही होण्याइतके नाही, पण डब्याला बडबड सुटण्याइतके नक्की.

मी नांदेडच्याच वजिराबादेत एका दुकानात डबा घेऊनच गेलो आणि काउंटरवर मेंटलची पाकिटं मांडून एकेकावर नळी धरायला लागलो. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला.

"क्या सर, मेंटलचा ताप बघून राहिले का?"

"जास्त टिकटिक करणारं पाहिजे."

"लग्नसराई न्हाई, पाऊस न्हाई, अन् तुमाला टिकटिक पाहिजे," तो म्हणाला आणि शेजारच्या दुकानदाराला डोळा मारला. मी सगळ्यात वाचाळ पाकीट निवडलं. ते डब्याच्या पिशवीच्या बाजूच्या खणात कायमचं राहायला गेलं. काम सुरू करण्याआधी टोपण काढायचं, मेंटलजवळ नळी न्यायची, डबा 'खर्रर्र' करून बोंबलला की तब्येत ठीक.

हा सगळा संसार घेऊन मला लातूरला जायचं होतं. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नव्या नवरीसारखं रोज काहीतरी नवं नेसत होतं. नव्या पाट्या, नव्या जीपा, नवे साहेब. तिथल्या एका खाजगी डॉक्टरांनी दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र बसवलं होतं, आणि बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या पेशंटांपर्यंत किरण पोचतात का, ही शंका त्यांना शिवली होती. डॉक्टर आमच्या विभागप्रमुखांचे वर्गमित्र. म्हणून डबा, मेंटल आणि मी.

वाटेत चाकूरजवळ आक्काचं गाव. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दोन दिवस तिच्याकडे राहून पुढे जायचं ठरवलं.

आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातले. आक्काच्या गावात आमची वस्ती ओढ्याच्या कडेला, गावापासून वेगळी. वस्तीचा आड त्या वर्षी पार आटला होता. गावची विहीर होती, पण तिथं वस्तीच्या बायांनी दोर टाकायचा नाही, ही रीत. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत होतं, रीत काय म्हणते तेही. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. गावातल्या कुणा बाईचं भरून झालं आणि तिच्या मनात आलं, तर ती वरून ओतणार. ऊन डोक्यावर येईपर्यंत आक्का तिथं उभी असायची. माझी आक्का लहानपणी मला एका टिचकीत रडवायची, आणि ती तिथं दुसऱ्याच्या मनात येण्याची वाट बघत उभी राहायची.

त्यात एक बरी बातमी होती. गावाला एक बोअर मंजूर झाला होता. एकच. भूजलवाले साहेब जीप घेऊन येऊन गेले होते. त्यांनी जमिनीत खुंट्या ठोकल्या, वायरी पसरल्या, एका खोक्यावरचा काटा बघितला आणि ओढ्याच्या कडेला, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, चुन्यानं मोठी फुली मारली. फुलीच्या मधोमध एक चपटा दगड ठेवला. बोअरची गाडी सकाळी येणार होती.

"पर ते सरपंच फुली हलवून राहिले," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे आक्काचे मालक, शाळेत शिपाई. "त्येंना बोअर त्येंच्या गोठ्याम्होरं पायजे. गावाला सोयीचं म्हनं."

"गोठ्यापुढं गावाला कसं सोयीचं?"

"गाव म्हंजी गोठाच की," आक्का चुलीपुढून म्हणाली.

संध्याकाळी मी सवयीनं डबा काढला. प्रवासात एसटीनं त्याला हाडं खिळखिळी होईपर्यंत हलवलं होतं, म्हणून तब्येत बघणं भाग होतं. आक्का, दाजी आणि दोन शेजारणी भोवती जमल्या. आधी डबा नुसताच धरला. टिक. बऱ्याच वेळानं टिक.

"झोपलंय वाटतं," शेजारीण म्हणाली.

मग टोपण काढून मेंटलचं पाकीट जवळ नेलं. खर्रर्र. बाया मागं सरकल्या. आक्का मात्र पुढं झाली. तिनं पाकीट लांब न्यायला लावलं, जवळ आणायला लावलं, परातीखाली ठेवून बघितलं.

"परातीखालून न्हाई वरडत," ती म्हणाली.

"पितळ जाड आहे. किरण अडतात."

"अन् पाटीखालून?" तिनं वेताची पाटी पालथी घातली. खर्रर्र. "मातीखालून?"

"वरवर माती असली तर चालतं. थोडं कमी."

"असं व्हय," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली. मी खूश झालो. इतके चांगले प्रश्न मला बीएस्सीच्या वर्गातही कुणी विचारले नव्हते.

सकाळी बोअरची गाडी आली. तिचा आवाज ऐकून गाव गोळा झालं, आणि मला सरपंचांचं बोलावणं आलं. डब्यासकट.

बोलावणं डब्याला होतं हे मला पोचल्यावर कळलं. नवा जिल्हा झाल्यापासून त्या गावात काटा असलेलं जे जे खोकं आलं होतं, ते पाणी शोधायला आलं होतं. माझ्याही डब्याला काटा होता. शिवाय तो बोलत होता. भूजलवाल्यांचा मुका, माझा बोलका. तेव्हा माझा मोठ्या साहेबाचा, असा सरळ हिशेब. त्या हिशेबानं मला त्या दिवशी सरपंचांच्या ओसरीवर खुर्ची मिळाली. आक्काच्या लग्नापासून मी त्या गावात येत होतो. ओसरी मी रस्त्यावरूनच बघितलेली होती. कपबशीही मिळाली, घरातलीच, कान शाबूत असलेली. माझ्या पंधरा-सोळा वर्षांच्या शिक्षणानं जे केलं नव्हतं ते दोन सेलच्या डब्यानं केलं.

"सर, आपलं गाव म्हंजी तुमचंच गाव," सरपंच म्हणाले. "भैनीचं गाव. आता ह्ये बोअरवाले अडून बसले. म्हनतात, फुली हाय तिथंच घालनार, न्हाईतर साहेबाची सही आना. आमचा पानाड्या सांगून राहिला गोठ्याम्होरं लई पानी हाय. तुमच्या मशीननं हाव म्हनलं की मी सायबाला सांगतो, नांदेडच्या कालेजाच्या मशीननं शिक्का मारला."

"सरपंचसाहेब, हे मशीन पाण्याचं नाही."

सरपंचांनी माझ्याकडे बघून मान हलवली. समजूतदार माणूस दुसऱ्या समजूतदार माणसाला बघून हलवतो तशी. "बरोबर. असं चारचौघांत सांगायचंच नसतं. चहा घ्या."

मी कपबशी खाली ठेवली. डबा उचलून सरळ एसटी गाठायची, हा सभ्य मार्ग होता. पण मी गेलो तर राहणार होता पानाड्या आणि त्याचा पाणी दाखवणारा नारळ. नारळाचा निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक होता. मी थांबलो.

पानाड्या गडी देखणा, फेटेवाला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो गोठ्यापुढं चालू लागला. दावणीजवळ आला तसा नारळ हळूहळू उभा राहिला. सरपंचांच्या म्हशीनंसुद्धा वळून बघितलं. गावानं 'हाव, हाव' केलं.

"आता मशीन," सरपंच म्हणाले.

मी टोपण काढलं, दावणीजवळ नळी धरली. टिक. मग काही नाही. सगळे वाट बघत होते. टिक.

"म्हशीचं पानी दिसून राहिलं हे," वस्तीकडून आलेल्या कुणीतरी मागून टोमणा मारला.

"खाली धरा, सर, भुईला लावा की!"

भुईला लावलं. टिक. डबा आयुष्यभर जे म्हणत आला तेच म्हणत होता, की इथं काहीही विशेष नाही. मी तेच मराठीत सांगितलं. "आणि कुठंच काही विशेष दिसणार नाही. हे मशीन पाण्याचं नाहीच."

"आता फुलीवर बघू," बोअरवाल्यांचा मुकादम म्हणाला. तो दूरच्या मुलखातला, मोडकं मराठी बोलणारा. डिझेल जळत होतं आणि त्याला ह्या भानगडीत रस नव्हता. "दोन्ही बघा, खलास करा."

वरात ओढ्याकडे निघाली. फुलीपाशी वस्तीच्या बाया घागरी घेऊन आधीच उभ्या होत्या, मध्ये आक्का. रोज विहिरीवर उभी राहते तशीच, हात बांधून. मी उभ्यानंच नळी धरली. टिक.

"ह्या," सरपंच खूश होऊन म्हणाले. मग त्यांना न्याय आठवला. गाव बघत होतं. "न्हाई न्हाई, तिकडं भुईला लावलं, हितंबी लावा. पुन्हा म्हनाल सरपंचानं पाप केलं. दगडाजवळ न्या. हाव, अजून जवळ."

मी वाकलो. चपट्या दगडाच्या कडेला भुसभुशीत माती होती, तिथं नळी नेली.

खर्रर्रर्र.

एकच गलका. पोरं ओरडायला लागली, बायांनी तोंडाला पदर लावले, कुणीतरी टाळी वाजवली. मी मात्र वाकलेलाच राहिलो. ती टिकटिक माझ्या ओळखीची होती. आपल्या पोराचं रडणं आईला गर्दीत ओळखू येतं, तशी मला ती वजिराबादेतली जाळी ओळखू आली. पिशवीच्या बाजूच्या खणात मी हळूच बोट घातलं. खण रिकामा.

मी आक्काकडे बघितलं. आक्का आभाळाकडे बघत होती. आभाळात त्या वर्षी बघण्यासारखं काहीच नव्हतं.

आता माझ्यावर आली. मी सरळ उभा राहिलो, घसा साफ केला आणि भर गावापुढे जाहीर केलं, "ऐका! ह्या आवाजाचा आणि पाण्याचा काहीही संबंध नाही! ह्या मशीनला पाणी कळत नाही!"

एक म्हातारे पाटील पुढच्या माणसाला म्हणाले, "लई पानी हाय म्हन."

"सर तर न्हाई म्हनून राहिले."

"मंग? भैनीच्या वस्तीत हाय म्हनून पक्षपात नगं दिसायला म्हनून न्हाई म्हनून राहिले. शिकल्याला मानूस हाय."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. दर वेळी गावाची खात्री वाढत गेली. खरं सांगणाऱ्या माणसाचा एवढा मान मी पुन्हा कधी बघितला नाही. आवाज कशाचा, हे मात्र मला कुणीही विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची आमच्या विषयात पद्धत नाही.

इकडे पानाड्यानं बाजू ओळखली. तळहातावर नारळ घेऊन तोही फुलीवर आला. नारळ टुणकन उभा राहिला. "हितं दोन झरे हायत," तो गंभीरपणे म्हणाला. "गोठ्याम्होरं एकच हुता."

सरपंचांचं तोंड बघण्यासारखं झालं. मशीन त्यांनीच बोलावलं होतं, भुईला लावायलाही त्यांनीच सांगितलं होतं. चहा तर आधीच पाजला होता. आता माघार घ्यायची तर कुणापासून? "मी तेच म्हनून राहिलो होतो," ते शेवटी म्हणाले. "भूजलवाले सायेब काय येडे हायत का?"

हे मात्र त्यांचं खरं होतं. त्या सगळ्या गर्दीत ज्या एका खोक्याला पाण्यातलं काही कळत होतं, ते परवाच फुली मारून जीपमधून निघून गेलं होतं.

मुकादमानं दगड पायानं बाजूला सारला. माझ्या आधी आक्का पुढं झाली, 'थांबा, दगड चुलीला चांगला हाय' म्हणत खाली वाकली आणि दगडासकट मूठभर माती उचलून घेऊन गेली.

गाडी सुरू झाली. आधी पांढरी धूळ उडाली, सगळं गाव पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं झालं. मग काळा दगड लागला आणि पहारीएवढं लोखंड कण्हत खाली जाऊ लागलं. दुपार झाली. धूळच येत होती. लोक सावलीला पांगले. सरपंच पुन्हा उभे राहिले, त्यांच्या चेहऱ्यावर रंग येऊ लागला. वस्तीच्या बाया जागच्या हलल्या नाहीत. माझी अवस्था काय सांगावी? मशीनचा पाण्याशी संबंध नाही हे तिथं एकट्या मलाच पक्कं माहीत होतं, आणि एकटा मीच मनातल्या मनात डब्याला हात जोडत होतो.

मग धूळ तांबूस झाली. मुकादमानं ती चिमटीत घेतली, चोळली, आणि पहिल्यांदा हसला. मांजऱ्या दगड, भोकाभोकांचा, पाणी धरून ठेवणारा, तो लागला होता. धुळीचा चिखल झाला, चिखल पातळ झाला आणि गाडीच्या पाइपमधून गढूळ पाण्याचा लोट असा उसळला की पुढं उभे असलेले पाटील नखशिखांत भिजले.

आक्का नाचली वगैरे नाही. तिनं घागर पुढं केली. गढूळ पाणीच भरलं. मग घागर तिथंच ओतली आणि पुन्हा भरली. कुणाच्या मनात येण्याची गरज नव्हती, एवढंच तिला बघायचं होतं बहुतेक.

मी निघताना तिनं चटणी-भाकरीचं गाठोडं दिलं आणि वर कागदात गुंडाळलेलं पाकीट.

"घे तुझं. माती लागलीय, झटकून घे."

"आक्का, पाणी लागलं नसतं तर?"

"तर तू सांगितलंसच की तीनदा, संबंध न्हाई म्हनून," ती म्हणाली. "मी कशाला तुला खोटं पाडू?"

लातूरला डॉक्टरांकडे मात्र डब्यानं खरंच काहीतरी सांगितलं. एक्स-रेच्या खोलीचं दार साध्या फळ्यांचं होतं. आत फोटो निघाला की बाहेरच्या बाकावर डबा खर्रकन ओरडायचा. मी बाकावरच्या पेशंटांना हात जोडून सांगितलं, इथं बसू नका, किरण येतात. कुणीही उठलं नाही. बाकाला सावली होती. एक आजोबा म्हणाले, "किरन तर बाहेर हायत की, उन्हात." इथं मी खरं बोललो आणि लोकांना ते खोटं वाटलं. आदल्या दिवशी चाकुराकडे मी खरं बोललो आणि लोकांना त्यातून भलतंच खरं कळलं. डॉक्टरांनी दाराला शिशाचा पत्रा ठोकायचं मान्य केलं, माझे आभार मानले आणि आवाज खाली आणला. "ते झालंच. पण सर, चाकूरच्या बाजूची बातमी कानावर आली. घरामागं बोअर घ्यावा म्हणतोय. जरा एक चक्कर..."

नांदेडला परतेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. धर्माबादेकडून एक, कंधाराकडून दोन, अशी मंडळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहू लागली. विभागप्रमुखांनी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि सेल स्वतःच्या खिशात ठेवले.

पावसाळ्याच्या तोंडाशी सरपंच आले. एकटेच, स्वच्छ धोतर नेसून, हातात केळी. स्वतःच्या शेतात स्वतःच्या खर्चानं बोअर घ्यायचं ठरलं होतं.

"सरपंचसाहेब, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं. मशीनचा पाण्याशी संबंध नाही."

"मालूम हाय," सरपंच म्हणाले आणि जवळ सरकले. "मशीन ऱ्हाऊ द्या कपाटात. तुमी फकस्त शेतात या, अन् माझ्या भुईवर उभं ऱ्हाऊन एकदा म्हना, पानी न्हाई. बास. पुढचं मी बघतो."

मी गेलो नाही. त्यांनी बोअर घेतला. कोरडा गेला. सर आले असते तर लागलं असतं, असं ते आजतागायत सांगतात.

पुढच्या उन्हाळ्यात मी आक्काकडे गेलो तेव्हा फुलीच्या जागी हातपंप उभा होता, निळा, ओट्यासकट. गावची विहीर त्या वर्षी तळाला गेली होती. त्यामुळे पंपावर रांग होती ती दोन्हीकडच्या बायांची, आधी आलेली आधी. आक्का पंपाचा दांडा मारत होती. रांगेत एक बाई दोन पावलं बाजूला, घागर खाली ठेवून, पदर सावरत उभी होती. सरपंचांच्या घरातली. तिचा नंबर आला तरी ती पुढं होईना. दांड्याला हात लावावा की न लावावा, रीत काय म्हणते हे तिला आठवत नसावं. ह्या पंपाला अजून रीतच पडली नव्हती.

"वरून ओता की, आक्का," ती हळू आवाजात म्हणाली.

आक्कानं दांडा सोडला, दोन पावलं मागं झाली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"वैनी, हितं वरून काही नसतंय. सगळं खालूनच येतंय," ती म्हणाली. "या, मारा दांडा. तुमचा हात लागला तरी पंप बाटत न्हाई. आमी चालवून घेतो."

रांगेतल्या बाया खिदळल्या. सरपंचांच्या घरातली बाई आधी लाल झाली, मग तिलाही हसू फुटलं, आणि तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला.